ती कोणाची आई नव्हती

मंजूताई गेल्याची बातमी मला इस्पितळाकडून मिळाली. सकाळची वेळ होती, मी ऑफिसला निघायच्या बेतात होतो, एक मोजा पायात आणि एक हातात. पलीकडच्या बाई इतक्या अदबीने बोलत होत्या की नेमकं काय झालंय हे कळायला मला थोडा वेळ लागला. मी अनघाला, माझ्या बायकोला, सांगितलं. मग पुण्यात ताईच्या भावाला फोन केला. तिकडे अजून उजाडायचं होतं, पण अशा बातमीसाठी कोणी उजाडायची वाट बघत नाही. मग इथल्या, तोक्योच्या हिगाशी-कसाई भागातल्या, मराठी मंडळींच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या. डॉ. मंजिरी, माझी मावसबहीण, इचिकावाच्या इस्पितळात गेली, कर्करोग होता, अंत्यविधी कधी आणि कुठे ते कळवतो. एवढंच. ऑफिसच्या स्टेशनला, तोयोसुला, उतरून फोन पाहिला तर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती आणि त्यांच्यामध्ये एक वाक्य होतं, "आपल्या सगळ्यांची आई गेली." त्याखाली आणखी कोणी तरी लिहिलं होतं, "खरंय. स्वतःचं मूल नव्हतं, पण सगळ्यांची आई झाली." जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते ठरूनच गेलं. माझ्या चार ओळींत आई हा शब्द कुठेही नव्हता.

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. दुसऱ्याने लिहिलेल्यातल्या चुका शोधायच्या आणि चूक कुठे दिसली, काय केल्यावर दिसली, हे कोणालाही कळेल असं मांडायचं. या कामात एक गोष्ट शिकलोय. चूक दिसली आणि कोणी बोललं नाही, तर पुढच्या खेपेला तिला चूक म्हणत नाहीत, पद्धत म्हणतात. ताईच्या बाबतीत तेच होताना दिसतंय. आठवड्याभराने इथल्या वॉर्ड कार्यालयाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. चौघे बोलले आणि चौघांनीही तिला आई केलं. एकाने जगन्माता म्हटलं. एका बाईंनी सांगितलं की तिची रिकामी ओटी देवाने आपल्या मुलांनी भरली, आणि त्या खरोखर रडल्या, ते रडणं खोटं नव्हतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा हॉल सोडायची वेळ झाली होती. इथे ती वेळ पाळावी लागते, खुर्च्या रचून, फरशी झाडून किल्ली परत द्यायची असते. म्हणून जे तिथे बोलायचं होतं ते इथे लिहितोय.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शाळेत ती हुशार आणि मी तिच्या जुन्या गाइडांवर पास होणारा. सिव्हिल इंजिनिअरिंग करून तिने मातीच्या अभ्यासात पीएचडी केली, प्राध्यापक झाली, लग्न झालं. सासरची माणसं सुशिक्षित होती. हे मुद्दाम लिहितो, कारण लोकांना वाटतं असले छळ अडाणी घरात होतात. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही. फक्त दर चतुर्थीला सासूबाई हसत विचारायच्या, "काय गं, यंदा तरी?" तपासण्या तिच्या झाल्या, औषधं तिने घेतली, पोटात सुया तिने टोचून घेतल्या. नवऱ्याच्या तपासणीचा विषय निघाला की सासरे पेपर उघडायचे. अनेक वर्षांनी एकदा नवरा म्हणाला, "आपण समजूतदारपणे वेगळं होऊ या," आणि समजूतदारपणा दाखवायचं काम पुन्हा तिच्याकडेच आलं. तिने सही केली. त्याने पुढे दुसरं लग्न केलं, त्याला मुलगा झाला. पुण्याच्या दृष्टीने प्रश्न तिथेच सुटला. दोष कोणात होता ते सगळ्यांना कळलं. ताई मला एकदा म्हणाली होती, "निकाल लागला म्हणे. परीक्षेला मी एकटीच बसले होते, ते कुणी विचारलं नाही."

मग इथला तो मोठा भूकंप झाला. मी तेव्हा इथेच होतो. अनघाला आणि आमच्या लहानग्या रेवाला पुण्याला पाठवून दिलं होतं. आमच्या इमारतीतली निम्मी भारतीय कुटुंबं निघून गेली होती, उरलेली तिकिटं शोधत होती. त्याच वर्षी, लोक जपानमधून जात असताना, ताई जपानमध्ये आली. खाडी बुजवून केलेल्या जमिनी भूकंपात द्रवासारख्या वागल्या होत्या. रस्त्यातून वाळू-पाणी उसळलं, खांब कलले, घरं न पडता तिरकी झाली. त्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेला माणसं हवी होती आणि परदेशातून यायला कोणी तयार नव्हतं. ताईने अर्ज केला. पुण्यात तिच्या काकांनी घरच्या बैठकीत सांगितलं, "जाऊ दे तिला. तिला काय, मागे कोण आहे?" हे तिच्यासमोर म्हणाले. किरणोत्सर्गाच्या बातम्या चालू होत्या, आणि या घरातून कोण गेलं तर चालेल याचा हिशेब त्यांनी चहा संपायच्या आत करून टाकला. विमानतळावर मी घ्यायला गेलो तेव्हा ताई हे हसत हसतच सांगत होती. "मागे कोणी नाही, हीच माझी पात्रता ठरली बघ."

इचिकावाला तिने छोटी जागा घेतली. सुरुवातीच्या दिवसांत ती कललेल्या घरांत जाऊन मोजमापं घ्यायची. म्हणायची, बाहेरून घर सरळच दिसतं रे, आत गेलं की टेबलावरची पेन्सिल घरंगळते, आणि राहणाऱ्यांना दिवसभर गरगरतं. मग थांबून म्हणायची, "माझं सध्या तसंच चाललंय." आमच्याकडे रविवारी जेवायला यायची. आमच्या इमारतीतल्या बायका विचारायच्या, "मिस्टर पुण्यात असतात का?" ती म्हणायची, "हो." ते खोटं नव्हतं. ते पुण्यातच होते, दुसऱ्या बायकोबरोबर. गळ्यात काही नव्हतं, पण इथे ऑफिसला जाणाऱ्या पुष्कळ जणी घालत नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मी एकदा म्हटलं, सांगून टाक ना एकदा, मोकळी होशील. ती म्हणाली, "मोकळी कोण होईल? मी की त्या?"

पुढच्या संक्रांतीला मीनलवहिनींकडे हळदीकुंकू होतं. मीनलवहिनी म्हणजे इथल्या सगळ्यांच्या थोरल्या वहिनी, सर्वांत आधी आलेल्या, कोणाला ताप आला तर पेज घेऊन जाणाऱ्या. त्यांची बहीण पुण्यात ताईच्या सासरच्याच सोसायटीत राहते हे तोवर कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याच आठवड्यात दोघी बहिणी फोनवर बोलल्या होत्या. अनघा तिथे होती, तिने सांगितलेलं लिहितोय. बायका ओळीने बसलेल्या. वहिनी एकेकीला हळद लावत, कुंकू लावत, तिळगूळ देत येत होत्या. ताईपाशी आल्या आणि हात कुंकवाच्या कोयरीवर थांबला. विधवा असती तर काय करायचं ते वहिनींना माहीत होतं. सवाष्ण असती तर प्रश्नच नव्हता. ही दोन्हीत बसेना. आणि वहिनींनी, मनात काही वाईट न ठेवता, सगळ्यांदेखत विचारलं, "तुला लावू ना गं? चालतं ना तुला?"

अनघा म्हणते, ताईचा चेहरा जराही बदलला नाही. ती उठली, कोपऱ्यातल्या टेबलावर कोणाचा तरी कॅमेरा होता तो उचलला आणि म्हणाली, "मला राहू द्या वहिनी. मी फोटो काढते." त्या दिवशी तिने सगळ्यांचे सुंदर फोटो काढले. पुढच्या महिन्यात तिने स्वतःचा चांगला कॅमेरा घेतला. त्यानंतर कितीतरी वर्षं इथलं कुठलंही हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो, मंगळागौर असो, ताई कॅमेरा घेऊन हजर. लोक खूश असायचे. फोटोग्राफर कुठे बसवायचा हा प्रश्न कोणाला पडत नाही. त्याची ओटी भरायची नसते, त्याला कुंकू लावायचं की नाही हे ठरवावं लागत नाही, आणि तो कुठल्याच फोटोत नसतो. शोकसभेसाठी तिचा एक धड फोटो शोधताना सगळ्यांची पंचाईत झाली. तिने काढलेले शेकड्यांनी निघाले. एका सद्गृहस्थांनी भाषणात याला निगर्वीपणा म्हटलं.

याच काळात कधी तरी ती आमच्याकडे आली असताना मी कचरा वेगळा करत होतो. इथे प्लास्टिकचा वार वेगळा, जळणाऱ्या कचऱ्याचा वेगळा, बाटल्या-डब्यांचा वेगळा. नवीन आलेल्यांना पाठ करावं लागतं. ताई पिशव्या बांधायला मदत करत होती. म्हणाली, "आपल्याकडे टाकलेली बाई म्हणतात ना... इथे साधा कचरा टाकायचा तर वार बघतात. मला टाकलं तेव्हा कोणी तेवढंही बघितलं नाही." मला हसावं की नाही कळेना. तीच आधी हसली. पण ते हसणं मला आवडलं नव्हतं.

आवडलेलं हसणं पुढे आलं. एका रविवारी ती आली तीच चप्पल काढता काढता हसत. अनघाने विचारलं, "काय हो ताई, लॉटरी लागली का?" तिच्या संस्थेत मोरिता-सान नावाच्या बाई होत्या, ताईहून थोड्या मोठ्या, प्रयोगशाळेचा सगळा व्यवहार सांभाळणाऱ्या. डबा खाताना त्या सहज म्हणाल्या, मी बात्सु-इची आहे. ताईला तो शब्द माहीत नव्हता. मोरिता-साननी जेवायच्या काडीने डब्याच्या झाकणावर फुली काढून दाखवली. इथल्या कुटुंबाच्या सरकारी नोंदीत पूर्वी घटस्फोटानंतर नावावर फुली मारायचे, म्हणून एकदा घटस्फोट झालेला माणूस बात्सु-इची, म्हणजे एक फुली. दुसऱ्यांदा झाला तर बात्सु-नी, दोन फुल्या. आणि शेजारी बसलेले विभागप्रमुख घास गिळून म्हणाले होते, "मी दोन."

"आणि मग?" अनघाने विचारलं.

"मग काय? डबा खाल्ला सगळ्यांनी."

"अहो, पण तुम्ही सांगितलंत का तुमचं?"

"सांगितलं की. म्हटलं, मी पण एक फुली. तर मोरिता-सान म्हणाल्या, असं का, आणि मुळ्याचं लोणचं पुढे केलं." ताईला हसू आवरेना. "अगं, लोणचं! पुण्यात हे सांगितल्यावर माणसं दार लावून घेतात, नाही तर गळ्यात पडतात. लोणचं कोणी दिलं नव्हतं."

रेवा तेव्हा इथल्या शाळेत दुसरी-तिसरीत होती. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं अशी आमची घरगुती व्यवस्था. तिने मान वर करून जाहीर केलं की शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात आणि चुकलं की फुली, म्हणजे आत्या चुकली. अनघा तिला गप्प करायला गेली, पण ताईने तिला थांबवलं. "बरोबर बोलतेय ती. रेवा, फुली मिळाली की तू काय करतेस? पेपर फाडतेस?" रेवाने, ही वेडी आहे का, असं तिच्याकडे पाहिलं आणि जपानीत सांगितलं की अर्थातच पुढचा प्रश्न सोडवते. ताई म्हणाली, "मीही तेच करतेय. जेवायला वाढा."

मी जपानला स्वर्ग ठरवत नाही. याच मोरिता-सानचा मुलगा घटस्फोटानंतर वडलांकडे राहिला आणि तो मोठा होईपर्यंत त्यांना क्वचित दिसला, हे त्यांनी ताईला नंतर सांगितलं. त्यांच्या फुलीखालीही दुखत होतंच. संस्थेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी ताईला, मुलं नाहीत तर कामाला वेळ मिळत असेल, असं कौतुकाने ऐकवलं होतं. पण त्या शब्दाने एक केलं. जे ती दहा वर्षं छातीशी धरून होती ते डब्याच्या झाकणावर मावण्याएवढं आहे, हे तिला दिसलं. आधी ती आमच्याकडे यायच्या आधी फोन करून विचारायची, आणखी कोणी येणार आहे का? ते विचारणं बंद झालं. कोणी मिस्टरांबद्दल विचारलं तर सांगायची, "घटस्फोट झालाय. मूल नाही. तुमची पुरणपोळी उरलीय का?" समोरच्या बाईला उत्तरापेक्षा त्या पुरणपोळीचा धक्का जास्त बसायचा. कामातही तिने जम बसवला. कललेली घरं सरळ करण्याच्या एका पद्धतीवर तिने लिहिलेलं इथले लोक वापरतात. संस्थेने तिला कायम केलं. ग्रुपवर मी ते कळवलं होतं. त्या दिवशी हात जोडलेलं किंवा टाळ्या वाजवणारं एकही चित्र आलं नाही, हे मला आठवतं.

करोनाच्या काळात देशाच्या सीमा बंद होत्या. आमच्या वरच्या मजल्यावर केतकी आणि निखिल हे तरुण जोडपं राहायचं, केतकीला दिवस गेलेले, आणि नाशिकहून तिच्या आईला येता येईना. ताई तिच्याबरोबर तपासण्यांना जायची, कारण तिचं जपानी आमच्या सगळ्यांत चांगलं होतं. हे खरं आहे आणि ते शोकसभेत सांगितलं गेलं. पण तेव्हा अनघाने डिंकाचे लाडू केले होते, मीनलवहिनींनी गुडघेदुखी असताना रोज येऊन बाळाला न्हाऊ घालायला शिकवलं होतं. त्यांना कोणी जगन्माता म्हणत नाही, कारण त्यांना स्वतःची मुलं आहेत. त्यांनी केलेली मदत ही मदत. ताईने केली की ती तहान.

बारसं जरा उशिराच, मोजक्या माणसांत, केतकीच्या घरी झालं. पाळणा नव्हता. कपड्यांच्या मोठ्या टोपलीला पैठणी गुंडाळून केला होता. त्याला पाय नसल्यामुळे एका बाजूने निखिलने आणि दुसऱ्या बाजूने मी धरला होता. हे सांगतो ते मी किती जवळ होतो ते कळावं म्हणून. निखिलला बहीण नाही. नाव ठेवायला आत्या हवी. केतकीने ताईला विचारलं होतं आणि ताई हो म्हणाली होती. कॅमेरा तिने रेवाच्या हातात दिला. बाळ मांडीवर घेतलं. तेवढ्यात मीनलवहिनींचे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, "मंजू, बघ, देवाला काळजी असते गं. तुझी कूस उजवली नाही, पण मांडी भरली. आजपासून तूच याची आई हो."

सगळ्यांनी हं हं केलं. ताईने बाळाचं टोपडं सारखं केलं आणि शांतपणे, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "नाही हो वहिनी. याची आई ती तिथे बसलीय, तिला आधी पाणी द्या कोणी तरी, दमलीय. मी आत्या. मला मूल झालं नाही, त्याचं जे काय रडायचं ते रडून झालं माझं. त्याची भरपाई म्हणून कोणाचं लेकरू मला देऊ नका. नाव ठेवायला बोलावलंय, नाव ठेवते."

केतकी एकदम म्हणाली, "आत्या, ठेवा नाव." ताई बाळाच्या कानाशी वाकली, कुर्रर्र केलं, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. आपल्याकडे नाव सांगताना आत्याला मारतात ते लटकं मारतात. त्या दिवशीचे धपाटे लटके नव्हते, मी आवाज ऐकलाय. मीनलवहिनींचे तर दोन्ही हात चालू होते, डोळ्यांत पाणी आणि हातात जोर. ताई खाली वाकलेली, हसतेय, "अगं हळू, हळू, नाव विसरेन मी!" रेवाने तेव्हा काढलेल्या फोटोत ताई आहे, केस विस्कटलेली, तोंड उघडं. शोकसभेत हाच प्रसंग सांगितला गेला. सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, बाळ मांडीवर घेऊन मंजूताई ढसाढसा रडल्या आणि म्हणाल्या, आज मी आई झाले. मी टोपलीचं टोक धरून उभा होतो. ती रडली नाही. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली ते मी वर लिहिलंय.

त्या दिवशी तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. विचारलं, चिडलीस का? "चिडले नाही रे," ती म्हणाली. "वहिनी वाईट नाहीत. पण माझं उत्तर खोडून स्वतःचं लिहायची लोकांना किती घाई... 'बिचारी' पुसलं की लगेच 'आई' लिहितात. मध्ये मंजिरी लिहायला जागा ठेवायची की नाही?" गाडी आली, ती चढली, खिडकीतून हात हलवला.

दुखणं दोन वर्षांनी आलं. कुठे आलं असावं याचा तर्क वाचकांनी केलाच असेल, आणि पुण्यात कोणी तरी तोही बोलून दाखवला, न वापरलेल्या अवयवाला रोग होतो म्हणून. डॉक्टरांना असं काही वाटत नव्हतं. शेवटच्या भेटीत ती फार थकलेली होती, पण डोकं स्वच्छ होतं. मोरिता-सान उशाशी बसून संत्रं सोलत होत्या. ताई मला म्हणाली, "सभा ठेवतीलच. हॉल कमी वेळाचा घे." मग डोळे मिटले. जरा वेळाने म्हणाली, "घरी जा आता, रेवाची परीक्षा आहे." ते शेवटचं.

पुण्याहून तिच्या भावाचा फोन आला. पेपरात निधनवार्ता द्यायची होती. "नावामागे काय लावू रे? सौ. नाही चालणार. श्रीमती लावलं तर लोकांना वाटेल नवरा गेला. कुमारी म्हणावं तर..." मी म्हटलं, डॉक्टर लाव. तो म्हणाला, "ते आहे रे, पण तेवढंच कसं दिसेल?" शेवटी त्याने तेवढंच लावलं, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "अग्नी कोणी दिला? मुलगा नाही ना..." मी सांगितलं, अग्नी यंत्राने दिला, बटण तिथल्या कर्मचाऱ्याने दाबलं. इथे नंतर अस्थी गोळा करायच्या असतात, दोघांनी मिळून काड्यांनी एकेक उचलायची, पायाकडून सुरुवात करून वर, म्हणजे कलशात माणूस उभा राहतो. कर्मचाऱ्याने नम्रपणे विचारलं की सर्वांत जवळचं कोण? मी आणि मोरिता-सान एकदमच पुढे झालो.

गेल्या रविवारी मी आणि अनघा इचिकावाची जागा रिकामी करायला गेलो. मदतीला मीनलवहिनी आल्या, केतकी आली. पुस्तकं संस्थेला, कपडे द्यायचे, भांडी बघायची. स्वयंपाकघरात ओट्याजवळ दोन माणसांचं टेबल आणि त्यावर तिचं ताट उपडं घातलेलं, वजनदार, काठाचं, शेजारी भाताची मूद पाडायची छोटी वाटी. ताईची ती सवय होती. आम्ही एकेकटे असलो की उभ्याने खातो, पातेल्यातूनच खातो, फोनकडे बघत ब्रेड खातो. ती संस्थेतून कितीही दमून आली तरी पान वाढून घ्यायची. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भाताची मूद, वर वरण, तूप. आणि सगळ्यात आधी मीठ. मी एकदा चेष्टा केली होती, "काय गं, नैवेद्य आहे का?" ती म्हणाली, "नैवेद्याला मीठ वाढत नाहीत. मी देव नाही, मला लागतं."

मीनलवहिनींनी ती वाटी हातात घेतली, फिरवून पाहिली. त्यांचा चेहरा पुन्हा तसाच मऊ झाला. "बाई गं... एकटीसाठी एवढं?" त्या म्हणाल्या. पुढे काय येणार ते मला दिसत होतं. पण अनघाने हात पुढे करून वाटी घेतली, पदराला पुसली आणि म्हणाली, "हो वहिनी. एकटीसाठी." वहिनी कपाटाकडे वळल्या आणि डबे काढायला लागल्या.

ते ताट आणि ती वाटी आम्ही घरी आणली. पाहुण्यांना नाही, देवाला नाही. घरात जो कोणी एकटा जेवायला बसेल त्याने त्या ताटात वाढून घ्यायचं, असं अनघाने सांगून ठेवलंय. काल अनघा आणि रेवा बाहेर गेल्या होत्या. मी मूद पाडली, ती जरा फुटली. भाजी वाढली, चटणी वाढली, बसलो. पहिला घास घ्यायच्या आत लक्षात आलं. उठलो, मीठ घेतलं, ताटात वाढलं आणि मग जेवलो.